वाचून दाखविले

निघोजे,
४ फेब्रुवारी २०२५

निशी बाळा,

सकाळची पूजा आटोपून आठला वाचनालय उघडलं आणि तुला लिहायला बसले. तू म्हणालीस, मावशी, फोनवर सांगत जा. फोनवर सांगितलेलं राहत नाही गं. महिला मंडळाचा हिशेब मी बावीस वर्षं लिहिते आहे, तोंडी काही धरत नाही. तुझ्या कंपनीलाही सगळं लेखीच लागतं म्हणतेस. आमच्या दिग्विजयच्या कंपनीची बस आकुर्डीवरून जाते, तो पत्र तुझ्याकडे पोचवील. तूही उत्तर कागदावरच दे. कागद पाठकोरा आहे, पलीकडे वाचनालयाची जुनी यादी आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

मला समजलंय ते सांगते, चुकलं तर दुरुस्त कर. वाचनालयाचं जुनं सॉफ्टवेअर टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालूच राहील. तुमच्या नव्या सॉफ्टवेअरची एक वेगळी प्रत तू कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर घालून गेलीस. तिचा बाहेरच्या जगाशी संबंध नाही, तारही तू काढून ठेवलीस. त्यात मी लुटूपुटूचे सभासद करायचे, पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, आणि तुझ्या बत्तीस चाचण्यांच्या तक्त्यात प्रत्येकीपुढे 'बरोबर' किंवा 'चूक' लिहायचं. शेवटी सही करायची, 'मी स्वतः तपासले, मला मान्य आहे'. मग ३१ मार्चला प्रत पुसायची आणि खरं सॉफ्टवेअर सुरू.

ग्रंथपाल आदिनाथ सर असताना सही माझी का, असं मी विचारलं. सर म्हणाले, "सुमनताई, टेबलावर रोज तुम्ही बसता. वापरणाऱ्यानं पास केलं तरच पास." घरी सुप्रियाला सांगितलं तर सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही आता कॉम्प्युटरची परीक्षा घेणार? मॅट्रिकला गणितात किती होते तुम्हाला?" पस्तीस होते. सांगितले नाहीत.

आता अडचण. पहिलीच चाचणी आहे, 'पाच बनावट नावांनी सभासद करा'. नोंदीत खोटं नाव लिहायला माझा हात धजत नाही. जो माणूस जगात नाही त्याचं नाव कुठून आणू? जिवंत माणसाचं त्याला न विचारता कसं लिहू? अर्धा तास बसून राहिले. मग गेलेल्या माणसांची लिहिली. नावं खरी, आणि कुणाला उपद्रव नाही. आमचे मामंजी, वाचनालयाला जागा देणारे गेनबा, आळीतल्या दोन म्हाताऱ्या, आणि पाचवी तुझी आई, शिक्षणाच्या रकान्यात 'नाही' लिहून. रागावू नकोस. दुर्गाअक्काचं नाव छापल्यासारखं पडद्यावर आलं तेव्हा मी हात जोडले.

चौथी चाचणी पुस्तक देण्याची. अक्काच्या नावावर अंकलिपी दिली. तिला दुसरं काय देणार!

तुझी,
सुमनमावशी

*

आकुर्डी,
७ फेब्रुवारी

मावशी,

तुझ्या पायाशी बसल्यासारखं वाटलं पत्र वाचून. किती वर्षांनी हातानं लिहिते आहे, अक्षर बघून हसशील.

आमच्याकडे चाचणीत खऱ्या माणसांची नावं चालत नाहीत. पण तुझ्यासारखी चाचणी करणारी कुणी बापजन्मात पाहिली नसेल आमच्या साहेबांनी, म्हणून मी गप्प बसले. राहू दे नावं. प्रत पुसायचीच आहे.

आईच्या नावापुढे शिक्षणाच्या रकान्यात तू 'नाही' लिहिलंस. बरोबर आहे, पण जरा लागलं. देहूरोडला असताना बसच्या पाट्या मीच वाचायचे तिला. सहा-सात वर्षांची असेन. एकदा गंमत म्हणून मुद्दाम चुकीची पाटी वाचली आणि आम्ही भलत्याच बसमध्ये बसलो. तळेगावपर्यंत गेलो. आई चिडली नाही. म्हणाली, "लेकरा, तुज्या डोळ्यानं बघते मी, नीट बघ."

असो. आता नववी चाचणी, परत घेणे. अंकलिपी परत घे आणि दंड लागतो का बघ.

निशी

*

निघोजे,
१२ फेब्रुवारी

निशी,

नववी चाचणी मी केली नाही. करायला गेले तर झालेली होती.

अंकलिपी परत आलेली. ८ तारीख, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. आणि अक्काच्या नावावर दुसरं पुस्तक गेलेलं, पहिलीचं वाचनपाठाचं. ते मी दिलेलं नाही. मला वाटलं सरांनी हात लावला. सर म्हणाले, "मी कशाला? मला तुमच्या निशीनं पासवर्डच दिला नाही."

वाचनालय अकरा ते चार बंद असतं हे तुला ठाऊक आहे. कुलूप मी लावते. कॉम्प्युटर बंद करून भिंतीवरचं बटणही मीच बंद करते, उगाच वीज कशाला. तेव्हा दोन वाजून दहा मिनिटांनी ते यंत्र मेलेलं होतं. मेलेल्या यंत्रात नोंद कशी पडेल, ते तू सांग.

एक गोष्ट लिहू की नको, असं दोन दिवस करते आहे. लेखी काम आहे, लिहायला हवी. नोंद नुसती पडद्यावर असते, पुस्तक कपाटातच असतं. तरी मी बालविभागाचं कपाट उघडून अंकलिपी काढली. नवी कोरी प्रत, गेल्या महिन्यात आलेली. तिच्यात प्रत्येक अक्षराखाली जांभळी रेघ होती. पेनाची नव्हे. अंगठा द्यायच्या शाईत बोट बुडवून कुणीतरी ओळीखालून हळूहळू फिरवावं तशी. 'अ'खाली पाच-सहा वेळा फिरवलेलं. 'ज्ञ'पर्यंत एकेकदाच.

पहिलीच्या पुस्तकात चार पानं झाली आहेत.

मी देवापाशी दिवा लावला. तू येऊन बघून जा.

सुमनमावशी

*

आकुर्डी,
१८ फेब्रुवारी

मावशी गं,

रविवारी येऊन बघितलं तेव्हा तुझ्यासमोर मी नुसती तांत्रिक बडबड केली. घड्याळ चुकलं असेल, जुन्या डेटाचा अंश असेल. बसमध्ये बसल्यावर मला रडू फुटलं आणि शेजारची बाई म्हणाली, "काय झालं ताई, मोबाईल गेला का?"

तिथून उतरवून आणलेल्या नोंदी ऑफिसात उलगडून पाहिल्या. प्रत्येक नोंदीपुढे ती कुणी केली त्याचं नाव असतं. तुझ्या नोंदींपुढे तुझं आहे. या नोंदींपुढे रकाना रिकामा आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो रिकामा राहूच शकत नाही.

मावशी, ती रेघ मी ओळखली. आईच्या उजव्या हाताचं बोट वाकडं होतं, सुरीनं कापलं होतं ते. रेघ प्रत्येक शब्दाशी किंचित खाली झुकते.

पहिली संपली, दुसरी चालू आहे आणि रेघ फिकी होत चालली आहे, पाहिलंस का? आधी अक्षरा-अक्षराशी थांबायची, आता शब्दाशी थांबते. मला भीती वाटायला हवी होती. मला तर नाचावंसं वाटतंय. तुला शाळेत ठेवता यावं, धाकट्यांना कुणीतरी सांभाळावं, म्हणून आईला शाळेत घातलंच नव्हतं ना? ती शिकतेय मावशी! साठीच्या पुढं, मरणाच्या पुढं, पण शिकतेय.

चाचण्या सावकाश कर. तिसरी-चौथीची पुस्तकं प्रतीत घालून ठेव. साहेबांना मी थोपवते. ज्योतीमामानं तिला लुबाडलं, बाकी सगळ्यांनी तोंड फिरवलं. त्या माहेरात एक तूच खरी निघालीस तिच्यासाठी. म्हणून तुझ्या हाताखाली शिकायला आली असेल.

तुझी निशी

*

निघोजे,
३ मार्च

निशी,

एकतीस चाचण्या बरोबर निघाल्या. तक्ता सोबत आहे. मी सही करायला तयार आहे. उगाच तारीख कशाला वाढवायची, तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे.

फक्त बत्तिसावी राहिली, 'सभासदाचे नाव कायमचे रद्द करणे'. ती अक्काच्या नावावर करून पाहिली. पडद्यावर आलं, 'या सभासदाकडे पुस्तक बाकी आहे, रद्द करता येणार नाही'. हे बरोबरच आहे, खरा नियमही तोच आहे. म्हणून पुस्तक परत घेतलं. मी 'परत' दाबते न दाबते तोच दुसरं गेलेलं असतं. तीन दिवस हेच चाललं आहे. तिसरी झाली. चौथी झाली. चौथीच्या पुस्तकात एकही रेघ नाही. आता तिला बोट लागत नाही.

मला बरं नाही. पोथी वाचताना ओळ सुटते. तोंडपाठ म्हणून निभावतं, पण काल पुजारीबुवांनी मधूनच सुरू करायला सांगितलं तर मी नुसती पानाकडे बघत राहिले. बायका म्हणाल्या, सुमनताई, उपास झेपत नाही तर करता कशाला?

ही प्रत तुमच्या ऑफिसातून पुसता येत असेल तर पुसून टाक. सभासद रद्द करायची वाट बघू नकोस. गेलेल्या माणसाला अडकवून ठेवू नये.

सुमनमावशी

*

आकुर्डी,
८ मार्च

मावशी,

तू आईचं नाव तीन दिवस रद्द करत होतीस? मला न विचारता?

तुझं पत्र आलं त्याच दिवशी आदिनाथ सरांचा फोन आला. म्हणाले, "निशिगंधाबाई, तुमच्या मावशींना जरा समजवा. त्या कॉम्प्युटरपुढं बसून रडतात. आणि मागणीच्या रकान्यात कायतरी आलंय ते मला दाखवत नाहीत, हात ठेवतात त्याच्यावर." मी त्यांना पासवर्ड दिला आणि म्हटलं, त्या घरी गेल्या की तुम्ही बघा. त्यांनी बघितलं.

दुर्गा सभासद क्रमांक पाच. हवे असलेले पुस्तक: 'तो कागद'. २७ फेब्रुवारीपासून रोज एकदा. दहा वेळा.

तुझ्या पत्रात याची एक ओळ नाही. जी बाई पाठकोऱ्या कागदाचासुद्धा खुलासा करते, तिनं हे गाळलं.

कुठला कागद, मावशी? आई शिकायला लागली तशी तू घाबरायला लागलीस, हे मला आता मागचं वाचताना दिसतंय. मी आपली आनंदात होते.

प्रत मी पुसणार नाही. तुझी सही आल्याशिवाय कुणालाच पुसता येत नाही, आणि तुझी सही मी साहेबांना देणार नाही. खरं लिही.

निशिगंधा

*

निघोजे,
१५ मार्च

निशिगंधा,

लिहिते. एका बैठकीत होत नाही. अक्षरं मध्येच अनोळखी दिसतात, थांबून परत बघावं लागतं. पण हे पत्र मीच लिहिणार.

वीस वर्षं झाली. तू दहा वर्षांची होतीस. चाकणकडची आमच्या माहेरची जमीन कारखान्यांत जायची होती. ज्योतीरामला आम्हा दोघी बहिणींचं हक्कसोडपत्र हवं होतं. माझं मी देऊन टाकलं, समजून-उमजून. मला काही कमी नव्हतं. अक्काचं तसं नव्हतं. देहूरोडची भाड्याची खोली, तुझे वडील आजारी. ती सोडणार नाही हे त्याला ठाऊक होतं. आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन ओट्यावर बसला. म्हणाला, "सुमे, दुर्गी अडून बसली तर माज्या घरात रोज भांडणं व्हतील. कागद तू वाच. तुजं ती ऐकती. निशीचं शिक्षण, लगीन माज्याकडं, देवाशपथ." मला वाटलं, माहेर राहील. तुझंही भलं होईल.

दुसऱ्या दिवशी नोंदणीच्या कचेरीत अक्कानं विचारलं, "सुमे, काय लिवलंय गं?"

मी कागद हातात धरला आणि वाचल्यासारखं करून म्हणाले, "जमिनीची मोजणी करायला आपली हरकत नाही, असं आहे."

"मंग मोजू दे की. मोजल्यानं काय झिजती व्हय?" म्हणाली आणि हसली. तिथल्या साहेबांनी विचारलं, "बाई, वाचून दाखवलं का? समजलं का?" तर म्हणे, "व्हय सायेब. माजी भन मॅट्रिक हाय." केवढ्या तोऱ्यात म्हणाली. जांभळ्या शाईत बोट बुडवलं. त्याखाली लिहिलेलं असतं, 'सदर दस्त वाचून दाखविला'. तिथे माझी सही आहे. वळणदार.

मी एक पैसा घेतला नाही. हे मी वीस वर्षं देवाला सांगते आहे. देव काही म्हणत नाही.

तुझे वडील गेले तेव्हा अक्का हिस्सा मागायला गेली. ज्योतीरामनं कागद दाखवला. ती तिथून चालत माझ्याकडे आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "सुमे, त्यो मोजणीचाच कागद व्हता न्हवं?" मी म्हणाले, "हो." त्यानंतर तिनं मला कधी विचारलं नाही. लष्करी क्वार्टरात भांडी घासून तिनं तुला शिकवलं. तू मला खरी म्हणतेस, त्या प्रत्येक वेळी माझ्या तोंडातला घास फिरतो.

खोटं नाव लिहायला हात धजत नाही असं मी तुला लिहिलं होतं. लिहिताना मनात हेच होतं. एकदा खोटं वाचलं, त्यानंतर मी कधी काही खोटं लिहिलं नाही. असं केलं की ते फिटेल, असा माझा हिशेब.

कागदाची झेरॉक्स माझ्या ट्रंकेत आहे. काल ती वाचनालयात आणली. नवीन पुस्तक दाखल करण्याची चाचणी असते तशी ती प्रतीत दाखल केली, क्रमांक दिला. उद्या अक्काच्या नावावर देणार आहे. दुपारी मी आत बसणार, सरांना सांगितलं आहे. काय व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे.

सुमन

*

निघोजे,
२४ मार्च

निशिगंधाताई,

मी सुप्रिया. सासूबाई सांगतात तसं लिहिते आहे. माझ्या मनाचं घालू नको असं त्यांनी मला देवासमोर उभं करून बजावलं आहे.

"निशी, मी कागद अक्काच्या नावावर दिला. यंत्र बंद केलं, बटण बंद केलं, विजेची तारही काढली. आतून कडी लावून बसले. कागद टेबलावर उघडा ठेवला होता. पंखा बंद होता. सव्वादोनला पहिल्या ओळीखाली जांभळी रेघ उमटायला लागली. मला दुसरं काही दिसलं नाही. चौथीच्या पुस्तकात तिला बोट लागलं नव्हतं, इथं परत लागलं. 'स्वखुशीने' या शब्दाशी रेघ थांबली. पुष्कळ वेळ. मग 'कोणताही मोबदला न घेता'. मग ती सगळं सोडून खाली गेली, 'वाचून दाखविला' इथं, आणि माझ्या सहीखाली थांबली. तिथं कागद ओल धरल्यासारखा काळपट होत गेला.

मी म्हणाले, अक्का, थांब. मी वाचते. आता खरं वाचते. कागद उचलला. ओळी दिसत होत्या. एक अक्षर ओळखू येईना. माझी सही मला ओळखू येईना, कुठं आहे ते ओल आहे म्हणून कळलं. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. पुस्तकांच्या पाठी बघितल्या. बाहेर आल्यावर वाचनालयाची पाटी बघितली. काही नाही."

ताई, हे मी माझ्यातर्फे लिहिते, त्यांना सांगून. चाकणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, नजर साफ आहे म्हणाले. मेंदूचा फोटो काढला, त्यातही काही नाही. आई सगळं बोलतात, स्वयंपाक करतात. पोथी उघडून बसतात आणि पान उलटत नाहीत. काल बाजारात मला म्हणाल्या, "ही बस कुठली गं?" मी सांगितलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मी खरं सांगितलं का असं.

पुढं त्या सांगतात:

"निशी, अक्कानं कागद परत केला का, आणि शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं का, ते तू येऊन वाच. सरांना वाचायला लावलं नाही. ते तुझ्याकडून कळावं. अक्का काय म्हणाली एवढंच मला हवं आहे. मग मी चाचणीच्या फॉर्मवर जे हवं ते करीन. वाईट असलं तरी सांग."

हे पत्र मी लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी तीनदा विचारलं, "जे मी सांगितलं तेच आहे ना?"

सुप्रिया

*

आकुर्डी,
२ एप्रिल

सुप्रियावहिनी,

दिग्विजयदादांना मी सांगितलं आहे की हे पत्र फक्त तुमच्याच हातात द्यायचं. मावशी शेजारी असेल तर घडी घालून ठेवा, नंतर वाचा. वाचून झालं की फाडून टाका.

३१ तारखेला मी येऊन गेले. मावशी देवळात होती तेवढ्यात आले, मुद्दाम. सरांनी दार उघडून दिलं आणि ते बाहेर थांबले. आईनं कागद परत केलेला होता. नावावर काही बाकी नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं होतं. ते मी जसंच्या तसं खाली उतरवते, कारण ते कुठेतरी असायला हवं:

'सुमी वाचत व्हती तवा तिची बोटं कापत व्हती. मला तवाच कळलं. मी जाणून अंगठा दिला. तिचं म्हायेर तुटू नये. फकस्त कागदात काय हाय ते बघायचं ऱ्हायलं व्हतं. बघितलं. सुमीला सांग, जेवत जा.'

मग बत्तिसावी चाचणी केली. सभासद रद्द झाला, एका दाबण्यात. फॉर्मवर मावशीच्या वतीनं मी 'मान्य' लिहिलं आणि प्रत पुसली. सकाळपासून नवीन सॉफ्टवेअर नीट चाललं आहे, सरांचा फोन आला होता.

वहिनी, आईनं माफ केलं ते तिचं. देहूरोडच्या त्या खोलीत मी पण होते. बाबांच्या औषधासाठी ती दुसऱ्यांच्या दारात उभी राहायची तेव्हा तिचा पदर धरून मी पण उभी होते. मला कुणी विचारलं नाही. मावशीला ही ओळ आज कळली की ती आज रात्री झोपेल. मला ते बघवणार नाही. अजून नाही. वर्षभर तरी नाही.

ती विचारील, निशीनं काय लिहिलं? तुम्ही कागद हातात धरा आणि वाचल्यासारखं करून सांगा, 'रकाना कोरा होता. दुर्गाअक्कानं काही लिहिलं नाही.' ती तुमच्या तोंडाकडे बघेल. बघू दे. ती तीनदा विचारील. तीनदा तेच सांगा. कधी सांगायचं ते मी कळवीन.

हे वाईट आहे असं तुम्हाला वाटेल. मलाही काल वाटत होतं, आज कमी वाटतं.

पत्र लांबलं. वरच्या आईच्या चार ओळी उतरवायला मला अर्धा तास लागला. 'म्हायेर' हा शब्द लिहून झाला आणि काय लिहिलंय ते मलाच कळेना, पहिल्यापासून अक्षर-अक्षर लावावं लागलं. सकाळी ऑफिसच्या दारावरची पाटी पण अशीच दोनदा बघावी लागली. स्क्रीन बघून बघून डोळे शिणलेत, दुसरं काही नाही.

तुमचं उत्तर तेवढं मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहा.

निशिगंधा